लाल दिव्यापासून जयहिंद चौकापर्यंत

शनिवार, २५ मे २०२४. त्या दिवसापासून अकोला जिल्ह्यात कलम १४४ लागू झालं, ते ३१ मेपर्यंत, आणि त्याचं कारण होतं ऊन. पारा ४५ अंशांच्या वर गेला होता. कामगारांना पिण्याचं पाणी आणि सावली द्या, शिकवणी वर्ग सकाळी दहानंतर आणि संध्याकाळी पाचच्या आधी घेऊ नका, असे ते आदेश होते. माणसांसाठी काढलेला हा आदेश यंत्रांनाही तितकाच लागू होता, हे जुन्या शहरात दुपारी दोनच्या सुमारास कळलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी जयहिंद चौकाजवळ माझ्या भाच्याची स्पोर्ट्स कार बंद पडली. त्यानंतरच्या पाच मिनिटांत त्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला आणि गाडीच्या इंजिनाचं हेड कायमचं गेलं. दोन सीटची, बुटकी, टर्बो इंजिनाची ही गाडी त्याच्या हाती येऊन महिनाही झाला नव्हता. पुण्यात नोकरी करून पैसे साठवले आणि सेकंडहँड का होईना, पण लहानपणापासून भिंतीवर चिकटवलेली गाडी त्याने घेतली. त्याच्या आनंदात मला काहीच खोट दिसत नाही. म्हणूनच त्या दिवशी काय काय घडलं ते मी त्याच्याकडून, आमच्या मिस्त्रींकडून आणि गाडीच्या संगणकातल्या नोंदींवरून जुळवून घेतलं. गाडीने त्याला सकाळपासून सांगितलं होतं. ती काय म्हणते आहे, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

चार महिने आधी

सुरुवात खरं तर त्या दिवसाच्या कितीतरी आधीची आहे. गाडीचा आधीचा मालक पूर्णेकाठच्या गावातला. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला तो खारपाणपट्टा. काळी जमीन खोल, आणि खालचं पाणी खारं. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, पिकाला दिलं तर जमीन बिघडते. गाडीचं कूलंट थोडं कमी झालं तेव्हा त्या गृहस्थांनी घरच्या बोअरचं पाणी टाकलं. पुन्हा कमी झालं, पुन्हा टाकलं. ट्रॅक्टरला चालतं, मग गाडीला का नाही, असा साधा हिशेब.

खारं आणि जड पाणी इंजिनात दोन प्रकारे मारतं. तापलं की त्यातला चुना धातूच्या आतल्या अंगाला बसतो. हा थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजवतो. दुसरं म्हणजे त्यातले क्षार ॲल्युमिनियम खातात, आणि हल्लीच्या गाड्यांचे रेडिएटर, हेड, पुष्कळदा ब्लॉकसुद्धा ॲल्युमिनियमचेच असतात. कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी अशी पुष्कळांची समजूत आहे. त्यातलं ग्लायकोल पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतं आणि त्यातली रसायनं गंज धरू देत नाहीत. बोअरचं पाणी मिसळलं की दोन्ही गुण उतरणीला लागतात.

त्यात आपल्याकडची आणखी एक गोष्ट. हिवाळाभर वऱ्हाडात कापूस वाहिला जातो, जिनिंग चालतात, रस्त्याकडेच्या झुडपांनाही रुई लटकलेली दिसते. स्पोर्ट्स कारचं नाक जमिनीला लागलेलं. रुई, धूळ, गवताचं बी, सगळं आत ओढलं जातं आणि एसीचा कंडेन्सर व त्याच्या मागचा रेडिएटर यांच्या मधल्या फटीत नमद्यासारखं बसतं. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते. या गाडीची दिसत होती.

सकाळी ६.१० — आठ तास बाकी

वाड्याच्या अंगणात भाच्याने बॉनेट उघडलं. रात्रभर उभी असलेली गाडी पूर्ण थंड होती. चोवीस तासांत हीच एक वेळ, जेव्हा कूलंटचं झाकण बिनधास्त उघडता येतं आणि पातळी खरी कळते. पातळी ‘मिन’च्या रेषेखाली होती. रंग गुलाबी असायला हवा होता, तो चहाच्या गाळासारखा तपकिरी झाला होता.

इथे दोन प्रश्न विचारायला हवे होते. पाणी कमी झालं ते गेलं कुठे? कूलिंगची यंत्रणा बंद असते, त्यात पेट्रोलसारखं काही खर्च होत नाही. कमी झालं म्हणजे कुठून तरी गळतंय. आणि तपकिरी रंग कशाचा? तो गंजाचा होता. त्याने नळाचं पाणी तांब्याने ओतून पातळी रेषेपर्यंत आणली. दिसायला टाकी भरली. गळती तशीच राहिली.

सकाळी ७.३० — सहा तास चाळीस मिनिटं

अमरावतीला मित्राकडे जायचं होतं. मे महिन्यात अकोल्याची रात्रही फारशी निवत नाही, पण सकाळचा वारा त्यातल्या त्यात बरा. बोरगाव मंजू, कुरणखेड, मूर्तिजापूर, आणि पुढे तो सुप्रसिद्ध टप्पा. लोणी ते माना या टप्प्यात एकपदरी हिशेबाने ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि गिनेस बुकात गेला. त्याआधीचा विक्रम कतारच्या नावावर होता, २५ किलोमीटरच्या थोडा वर. असा रस्ता आणि हातात अशी गाडी. भाचा म्हणतो, त्या सकाळी गाडी अशी पळाली की मन भरून आलं.

पळणारच. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांना मिळते, एक तृतीयांश धुराबरोबर जाते आणि उरलेली कूलंटला वाहून न्यावी लागते. मोकळ्या रस्त्यावर शंभरच्या वेगाने वाराच इतका आत शिरतो की अर्धा बुजलेला रेडिएटरही निभावून नेतो. हायवेवर ठीक चालली म्हणजे कूलिंग ठीक आहे, असा निष्कर्ष कधीच काढू नये. रेडिएटरची परीक्षा उभ्या गाडीत होते.

सकाळी ११.३० — दोन तास चाळीस मिनिटं

मित्राच्या घरून निघताना त्याला दोन गोष्टी आठवतात. आल्यावर गाडी बंद केली तरी पुढचा पंखा बराच वेळ घरघरत राहिला होता. आणि निघताना बॉनेटजवळ गोडसर वास होता, पाकासारखा. मित्राच्या आईने विचारलंसुद्धा, “काऊन रे, गुळाचा पाक सांडला का कुठी?”

हा वास ग्लायकोलचा. गरम धातूवर कूलंट ठिबकलं की तोच येतो. गाडीखाली वाकून पाहिलं असतं तरी डबकं दिसलं नसतं, कारण अशा गाड्यांना हवेचा प्रवाह नीट राहावा म्हणून पोटाखाली प्लास्टिकचं सपाट आवरण असतं. थेंब त्यात साठतात, जमिनीवर येत नाहीत. साध्या हॅचबॅकने जी गोष्ट अंगणातच दाखवली असती, ती या गाडीने पोटात लपवली.

दुपारी १२.२० — एक तास पन्नास मिनिटं

मूर्तिजापूरच्या पुढे एसी अचानक गार हवा देईनासा झाला. दोन-तीन मिनिटांनी परत सुरू झाला, परत बंद. भाच्याला वाटलं, गॅस कमी झाला असेल. सोमवारी भरून घेऊ.

आजच्या गाड्यांचा संगणक इंजिन तापू लागलं की सगळ्यात आधी एसीचा कॉम्प्रेसर तोडतो, म्हणजे इंजिनावरचा भार कमी होतो आणि कंडेन्सरची उष्णता रेडिएटरवर यायची थांबते. त्या वेळी काटा पाहिला का, असं मी विचारलं. “पाहिला ना मामा, बरोबर मध्ये होता.” तो खोटं बोलत नव्हता. नव्या गाड्यांचा तापमानाचा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. ७५ अंशांपासून जवळपास १०५-११० पर्यंत तो मध्यावरून हलत नाही, कारण काटा जरा हलला की गिऱ्हाईक सर्व्हिस सेंटर गाठतं. मला ही पद्धत मुळीच पटत नाही. काटा हलू लागतो तेव्हा सावध व्हायची वेळ बरीचशी निघून गेलेली असते, आणि ज्याच्या पैशाचं इंजिन आहे त्याच्यापासूनच ही माहिती दडवलेली असते.

दुपारी १२.५० — एक तास वीस मिनिटं

बोरगाव मंजूला लिंबू सरबतासाठी थांबला. गाडी पळत होती ती एकदम बंद केली. पंप थांबला, पाणी थांबलं, पण हेड आणि टर्बोमधली उष्णता कुठे जाणार? ती जागेवरच साचून राहिलेल्या पाण्यात उतरते. म्हणून गाडी बंद केल्यावर काही मिनिटं इंजिनाचं तापमान उलट वाढतं. टर्बो गाडी जोरात चालवून आणली की शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू घ्यायचे आणि बंद करण्याआधी मिनिटभर आयडलवर ठेवायची, हे आमचे मिस्त्री प्रत्येकाला सांगतात. इंजिन आधीच उकळायच्या बेतात असेल तर मात्र आयडलनेही भागत नाही.

सरबत पिताना बॉनेटखालून गुडगुड ऐकू आलं. टपरीवरचा एक ट्रक ड्रायव्हर म्हणाला, “भाऊ, तुमची गाडी हीट मारून राहिली. तासभर उभी राहू द्या.” संपूर्ण दिवसात मिळालेला हा सगळ्यात अचूक सल्ला. ट्रक ड्रायव्हरचं आयुष्य रेडिएटरच्या आवाजावर चालतं. पण बाहेर पंचेचाळीस अंश, टपरीला पत्र्याची सावली, आणि घर पंधरा-सोळा किलोमीटरवर. वीस मिनिटांनी तो निघाला.

मोटारीचा पहिला लांबचा प्रवास आठवतो. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन नवऱ्याच्या तीनचाकीतून मॅनहाइमहून फोर्झहाइमला गेल्या, शंभर किलोमीटरच्या वर. त्या इंजिनातलं पाणी उकळून वाफ होऊनच ते थंड राहायचं, म्हणून वाटेत विहीर, ओढा, खानावळ जे मिळेल तिथे थांबून त्या पाणी भरत गेल्या. इंजिन पाणी मागतं हे गृहीत धरूनच त्या निघाल्या होत्या. आपण ते विसरलो, कारण मधल्या काळात गाड्या फार चांगल्या झाल्या.

दुपारी १.३० — चाळीस मिनिटं

अकोल्यात शिरला. आता वारा नाही. सिग्नल, रिक्षा, मालाच्या गाड्या. इथून पुढे इंजिनाचा सगळा भरवसा एका विजेच्या पंख्यावर, आणि तो पंखा रुईच्या नमद्यातून पंचेचाळीस अंशांची हवा ओढत होता. डांबरालगतची हवा त्याहून तापलेली, आणि या गाडीचं नाक डांबरालगतच.

दुपारी १.४८ — बावीस मिनिटं

मोर्णा नदीच्या पुलाच्या अलीकडे लाल दिवा लागला. तापमानाचं लाल चिन्ह, सोबत घंटी. समोर एक ट्रक आडवा लागून माल उतरवत होता, मागे रांग.

या क्षणावर मी सगळ्यात जास्त विचार केला आहे. तोपर्यंत जे झालं होतं ते सगळं निस्तरण्यासारखं होतं. गळका होज पाइप, चोक झालेला रेडिएटर, थर्मोस्टॅट, सगळं मिळून काही हजारांचं काम. हेड शाबूत होतं. हेड गॅस्केट शाबूत होतं. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं असतं आणि सावलीत जाऊन बसला असता, तर संध्याकाळी टोचन करून गाडी गॅरेजला गेली असती आणि पुढच्या शनिवारी परत रस्त्यावर आली असती.

मग का नाही थांबवली? त्याची उत्तरं मी लिहून घेतली. मागून हॉर्न वाजत होते. अशी गाडी पुलावर बंद पाडली तर लोक हसतील, व्हिडिओ काढतील. आणि घर तर जवळच, नदी ओलांडली की आलंच. यातलं एकही कारण मूर्खपणाचं नाही. जुन्या शहरात बुटकी लाल गाडी निघाली की पोरं मागे धावतात, हे मी पाहिलेलं आहे. नव्या मालकाला त्या नजरांचा अभिमानही असतो आणि धाकही. पण लाल दिव्यानंतर अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही, ते मिनिटांत मोजावं लागतं, आणि त्या गर्दीत एका किलोमीटरला बावीस मिनिटं लागली.

थांबणं अगदीच शक्य नसेल, तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर पूर्ण जोरात लावावा. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटर. तो थोडी उष्णता गाडीच्या आत घेतो. मे महिन्यात अकोल्यात हीटर लावणं ही शिक्षा आहे, पण सुरक्षित जागा गाठेपर्यंत तेवढं सोसावं. भाच्याला ही युक्ती अर्धवट ठाऊक होती. त्याने हीटर लावला.

दुपारी २.०२ — आठ मिनिटं

हीटरमधून गार हवा आली. आणि लाल दिवा विझला, काटा खाली सरकू लागला. त्याला हायसं वाटलं. “मी म्हटलं, चला, सुटलो.”

हा सगळ्यात घातक भाग. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी त्याच्या खाली गेलं की तो वाफेत लोंबकळतो आणि आकडा वाटेल तसा दाखवतो, कित्येकदा कमीच. हीटरमधून गार हवा येण्याचं कारणही तेच, त्यात पोहोचायला गरम पाणीच उरलं नव्हतं. पुढे मिस्त्रींनी स्कॅनर लावला तेव्हा संगणकात नोंद सापडली: इंजिन ११९ अंश, वेग शून्य. ही नोंद पुलाजवळची. त्यानंतर ते किती तापलं हे यंत्रालाही कळलं नाही.

ॲल्युमिनियम तापल्यावर बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं. या गाडीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. दोन्ही एकाच बोल्टांनी आवळलेले, मध्ये पातळ गॅस्केट. एक फुगतो, दुसरा तितका फुगत नाही, आणि जागा तर सोडता येत नाही. मग हेड वाकडं होतं. त्या आठ मिनिटांत ते झालं.

दुपारी २.१०

जयहिंद चौकाजवळ इंजिन खडखडलं, गचका बसला आणि गाडी थांबली. बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ. दोन मिनिटांत पंचवीस-तीस माणसं जमली. जुनं शहर माणुसकीत कमी नाही. समोरच्या दुकानदाराने थंड पाण्याचा जार आणला, एकाने रुमाल दिला. आणि कुणीतरी ओरडलं, “झाकण खोला, पाणी टाका!”

कूलंटच्या टाकीचं झाकण साधं नसतं. ते साधारण एक बार दाब धरून ठेवतं, कुकरच्या शिटीसारखं, म्हणूनच आतलं पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब क्षणात जातो आणि ११५-१२० अंशांचं पाणी जागच्या जागी वाफ होऊन उसळतं. रुमालाने काही होत नाही. भाच्याने झाकण अर्धं फिरवलं आणि ते हातातून उडालं.

गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेले आमचे मिस्त्री तोवर धावत पोचले होते. “खोलू नको बे, भाजशीन!” हे त्यांचे शब्द त्याने ऐकले, पण हात झाकणावर होता. पाठोपाठ कुणीतरी जार तसाच टाकीत रिकामा केला. तापलेल्या धातूवर फ्रिजचं पाणी. टण्ण असा आवाज अनेकांनी ऐकला. वाकडं झालेलं हेड घासून, फेसिंग करून पुष्कळदा वाचवता येतं. या गाडीचं हेड तडकलं होतं, ते वाचणार नव्हतं.

मिस्त्रींनी त्याला सरळ हौदाच्या नळाखाली नेलं. वीस मिनिटं साधं वाहतं पाणी हातावर सोडलं. कुणी टूथपेस्ट आणली होती, कुणी बर्फ. दोन्ही त्यांनी लावू दिलं नाही, आणि तेच बरोबर होतं. मग रिक्षाने सर्वोपचार रुग्णालयात. डॉक्टरांनी सांगितलं, पाण्याखाली ताबडतोब धरला म्हणून जखम खोल गेली नाही.

नंतर

चार दिवसांनी इंजिन उघडलं. ऑइल दुधाळ झालेलं, म्हणजे गॅस्केट फाटून पाणी ऑइलमध्ये उतरलेलं. दोन सिलिंडरांच्या मध्ये हेडला केसासारखी चीर. रेडिएटर कापून पाहिला तर खालच्या नळ्यांमध्ये पांढरा, कडक चुना. मिस्त्रींनी बोटाने खरवडून जिभेला लावला आणि थुंकले. “खारं हाय.”

जुन्या शहराचं पूर्णेशी नातं जुनं आहे. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीत भरून शिवभक्त चालत येतात आणि राजराजेश्वराला अभिषेक होतो. नदीचं ते पाणी वेगळं, आणि तिच्या खोऱ्यात जमिनीखाली साठलेलं वेगळं. बोअरचं हे पाणी त्या पट्ट्यातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलं. ते गाडीत ओतणाऱ्या गृहस्थांचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. मी त्यांना फोन केला तेव्हा त्यांनी लगेच मान्य केलं की पाणी घरचं होतं, आणि त्यांना मनापासून वाईट वाटलं. विकताना कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही, एवढंच.

भाच्याचा हात बरा झाला, डाग राहिला. हेड नवीन बसवलं, रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, सगळे होज बदलले. गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यात गेला आणि पुण्यातली आणखी काही वर्षांची बचत त्यात गुंतली.

वऱ्हाडात जुनी गाडी विकणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. कागदपत्रं, विमा, किल्ल्या देता, तशी एक गोष्ट आवर्जून सांगा: रेडिएटरमध्ये कुठलं पाणी टाकलं होतं. आणि घेणाऱ्यांनो, त्यांनी सांगितलं नाही तरी विचारा. पहिल्याच आठवड्यात, गाडी थंड असताना, सगळं जुनं कूलंट काढून डिस्टिल्ड वॉटरने यंत्रणा धुऊन घ्या, कंपनीने सांगितलेलं कूलंट भरा, आणि नाकाची जाळी काढून आतली रुई साफ करा. एवढं करूनही कधी लाल दिवा लागलाच, तर पुलावर असाल तर पुलावर, चौकात असाल तर चौकात, इंजिन बंद करा. मागच्यांना हॉर्न वाजवू द्या.